आद्य ख्रिस्ती मंडळीचा इतिहास : कोणते ग्रंथ वाचावेत आणि कसे?

चिटगुप्प्याच्या बाजारात घटकाभर उभे राहिले तरी कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा कानांवर येतात. धर्मांचेही तसेच आहे. हुमनाबादजवळ माणिकनगरास माणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) सकलमताची गादी आहे. बसवकल्याणास शरणांच्या स्मृती आहेत. बीदरला महमूद गावानचा मदरसा आणि नानक झिरा आहे. आणि जिल्ह्यातील कित्येक गावांत मेथडिस्ट मंडळीची प्रार्थनामंदिरे आहेत. यांपैकी इतरांविषयी मराठी वाचकाला थोडेबहुत ठाऊक असते. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या धर्माविषयी मात्र त्याची समजूत बहुधा एवढीच असते की, तो गोऱ्या मिशनऱ्यांबरोबर आला आणि त्याचा इतिहास म्हणजे युरोपचा इतिहास.

ही समजूत चुकीची आहे. ख्रिस्ती मंडळी जन्मली पश्चिम आशियात. तिचे पहिले ग्रंथ ग्रीकमध्ये झाले आणि लवकरच सिरियाक, लॅटिन व कॉप्टिक भाषांत तिचे वाङ्मय उभे राहिले. इंग्लंड किंवा जर्मनी ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी तिची केंद्रे अंत्युखिया, अलेक्झांड्रिया, एडेसा आणि कार्थेज ही होती. हे सारे नीट समजून घ्यावयाचे तर कोणते ग्रंथ वाचावेत, असा प्रश्न आमच्याकडील जिज्ञासू वाचकांच्या मनात वारंवार येतो. त्यास उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. ग्रंथांची नुसती यादी कोणीही देऊ शकेल. आम्हांस सांगावयाचे आहे ते ग्रंथ निवडण्याची कसोटी कोणती हे, आणि ती कसोटी मराठी वाचकाच्या हाती आधीपासूनच आहे हेही.

१

प्रथम मर्यादा ठरवून घेऊ. 'आद्य मंडळी' म्हणजे येशूच्या क्रूसावरील मृत्यूपासून, म्हणजे इ. स. ३०च्या सुमारापासून, साधारणपणे ४५१च्या कॅल्सेडॉन येथील धर्मपरिषदेपर्यंतचा काळ. या सव्वाचारशे वर्षांत एका लहानशा यहुदी पंथाचा साम्राज्याचा धर्म झाला. ३१३ साली कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी ख्रिस्ती लोकांस उपासनेचे स्वातंत्र्य दिले. ३२५ साली नायसिया येथे पहिली सार्वत्रिक परिषद भरली. या टप्प्यांच्या आधी छळ, मतभेद, ग्रंथनिर्मिती आणि संघटना यांची जी दीर्घ वाटचाल झाली, तीच या विषयातील खरी कठीण आणि खरी रसाळ बाजू होय.

या काळावरील पुस्तके ढोबळ मानाने दोन वळणांनी जातात. काही पुस्तके कुळाची बखर लिहावी तशी लिहिलेली असतात. त्यांत पूर्वजांचे सर्व बरोबर आणि विरोधकांचे सर्व चूक. दुसरी फिर्याद लिहावी तशी असतात. त्यांत धर्माचा उदय म्हणजे फसवणूक, आणि परिषदा म्हणजे केवळ राजकारण. दोन्हींत एक साम्य आहे : पुराव्यापूर्वीच निकाल तयार असतो. आमची कसोटी साधी आहे. जे पुस्तक आपला साक्षीदार कोण, तो घटनेपासून किती दूर, आणि त्याची साक्ष कोठे संपते हे सांगते ते चांगले. जे हे सांगत नाही ते कितीही भक्तिभावाने वा कितीही विद्वत्तेच्या आवेशाने लिहिलेले असो, पहिल्या वाचनासाठी ते बाजूस ठेवावे.

मराठी वाचकास ही कसोटी नवी नाही. लीळाचरित्राचाच विचार करा. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींस पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन लीळा गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, शिष्यांनी आठवणीवरून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, आणि म्हणून आज त्याचे निरनिराळे पाठ आपणांस दिसतात. स्मरण, लेखन, लोप आणि पुनर्लेखन या पायऱ्या ज्याने येथे ओळखल्या, त्याला शुभवर्तमानांचा प्रश्न परका वाटणार नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेला पापियस हा बिशप पुस्तकांपेक्षा जिवंत माणसांच्या तोंडची साक्ष अधिक मोलाची मानी. म्हाइंभटांस हे तत्काळ पटले असते.

२

आता वाचनाचा क्रम. आरंभ 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातील पुस्तकाने करावा. ते मराठीत सहज मिळते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल' (२०१०) या ग्रंथाची भाषा आजच्या वाचकाला जवळची वाटेल. फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. 'प्रेषितांची कृत्ये' हे पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातील पुस्तक असून जेरुसलेमपासून रोमपर्यंत मंडळी कशी पसरली याची एका बाजूची कथा त्यात आहे. 'एका बाजूची' हे शब्द आम्ही जाणून वापरतो. पूर्वेकडे, एडेसा आणि इराणच्या दिशेने, जे घडले त्याचा मागोवा त्यात नाही.

त्यानंतर एक लहान, विश्वसनीय आधुनिक इतिहास हवा. हेन्री चॅडविक यांचे 'द अर्ली चर्च' (१९६७) हे पुस्तक आजही यासाठी उत्तम आहे. लेखक स्वतः चर्चचे सेवक होते. तथापि मतभेदांच्या दोन्ही बाजू ते समजुतीने मांडतात, आणि इंग्रजीही सुबोध आहे. ज्यांस कथनाची अधिक आवड आहे त्यांनी हुस्तो गोन्सालेस यांचे 'द स्टोरी ऑफ ख्रिश्चॅनिटी' (१९८४) घ्यावे.

अशी एक चौकट मनात तयार झाली की लगेच मूळ साक्षीदारांकडे वळावे. येथे अनेक वाचक चुकतात. ते एका इतिहासावरून दुसऱ्या इतिहासाकडे जातात आणि मूळ लेखन कायमचे दूर राहते. वास्तविक मूळ लेखन बरेचसे आटोपशीर आहे. 'अर्ली ख्रिश्चन रायटिंग्ज' हे मॅक्सवेल स्टॅनिफर्थ यांच्या भाषांतराचे पुस्तक (१९६८) हाताळण्यास सोपे. त्यात रोमच्या क्लेमेंटचे पत्र आहे. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने पहाऱ्यातून रोमकडे, मृत्युदंडाकडे, जात असता लिहिलेली पत्रे आहेत, आणि 'डिडाखे' ही मंडळीच्या आचाराची छोटी पोथीही आहे. या पोथीची कथा आपल्या संशोधकांस आवडेल अशी आहे. शेकडो वर्षे तिचे केवळ नाव ठाऊक होते. १८७३ साली फिलोथिऑस ब्रिएनियस यांना कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथसंग्रहात १०५६ साली नकललेले हस्तलिखित सापडले, आणि १८८३ साली ती छापली गेली.

मंडळीबाहेरच्या माणसाची साक्ष म्हणून प्लिनीचे पत्र वाचावे. इ. स. ११२च्या सुमारास बिथिनिया प्रांताच्या या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजनकडे विचारणा केली की, या ख्रिस्ती लोकांचे करावयाचे काय? ते ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्तास देव मानून स्तवन गातात, चोरी वा व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, एवढेच त्याला चौकशीत आढळले. त्यासाठी त्याने सेविका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ केला होता, हेही तो निर्विकारपणे नोंदवितो. मंडळीत दासींनाही पद होते ही गोष्ट आपणांस एका विरोधकाच्या कागदातून कळते. चांगल्या साक्षीचे हे लक्षण : साक्षीदाराला जे सांगावयाचे नव्हते तेही ती सांगून जाते.

याच्या जोडीस पर्पेतुआची कैफियत ठेवावी. २०३ साली कार्थेज येथे रानटी जनावरांपुढे सोडण्यात आलेल्या या तरुण मातेने तुरुंगात लिहिलेल्या नोंदी आपल्यापर्यंत आल्या आहेत. अंगावर पिणारे मूल, विनवण्या करणारा बाप आणि आपला निश्चय यांविषयी ती स्वतः बोलते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना, काळ आणि प्रसंग सर्वस्वी निराळे असूनही, बाईमाणसाने धर्माविषयी स्वतःच्या तोंडाने बोलणे म्हणजे काय हे निराळे सांगावे लागणार नाही.

३

यानंतरच युसेबियस हाती घ्यावा. सिझेरियाचा हा बिशप 'मंडळीच्या इतिहासाचा जनक' म्हणून ओळखला जातो. त्याचा दहा पुस्तकांचा इतिहास ३२५च्या सुमारास पूर्ण झाला. जी. ए. विल्यमसन यांचे इंग्रजी भाषांतर (१९६५) वाचनीय आहे. युसेबियसचे थोर ऋण हे की, आज लोपलेल्या कितीतरी ग्रंथांतील उतारे त्याने जसेच्या तसे दिले. पापियसची गोष्ट आपल्यास कळते ती त्याच्यामुळेच. परंतु तो कॉन्स्टंटाइनचा निस्सीम प्रशंसक होता, आणि सर्व इतिहास त्या सम्राटाच्या विजयाकडे वाहत आला अशी त्याची दृष्टी आहे. दरबारी बखर वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो तीच येथे बाळगावी. उतारे जपून ठेवावेत, निष्कर्ष तपासून घ्यावेत.

युसेबियसच्या बरोबरीने जे. स्टीव्हन्सन यांचे 'अ न्यू युसेबियस' (१९५७) ठेवले तर फार लाभ होतो. पत्रे, कायदे, परिषदांचे ठराव, विरोधकांची वचने असे मूळ कागद त्यात कालक्रमाने लावलेले आहेत. ज्यांना पुढे खोल जावयाचे आहे त्यांनी डब्ल्यू. एच. सी. फ्रेंड यांचा 'द राइज ऑफ ख्रिश्चॅनिटी' (१९८४) हा विस्तृत ग्रंथ घ्यावा. सिद्धान्तांच्या विकासासाठी जे. एन. डी. केली यांचे 'अर्ली ख्रिश्चन डॉक्ट्रिन्स' (१९५८) आणि एका व्यक्तीतून सारा काळ पाहण्यासाठी पीटर ब्राउन यांचे 'ऑगस्टीन ऑफ हिप्पो' (१९६७) वाचावे. गिबनच्या रोमन इतिहासातील पंधरावे व सोळावे प्रकरण (१७७६) प्रसिद्ध आहे. त्यातील उपरोधाची चव घेण्यासाठी मूळ साक्षी आधी ठाऊक असाव्या लागतात. म्हणून ते शेवटी.

४

एका शब्दाविषयी येथे थोडे थांबणे अवश्य आहे. या विषयावरील कोणत्याही पुस्तकात 'पाखंड' आणि 'पाखंडी' हे शब्द पावलोपावली येतात. आपल्या भाषेत हा शब्द निंदेचा. पण त्याचे मूळ रूप अशोकाच्या लेखांत आढळते, आणि तेथे त्याचा अर्थ केवळ 'पंथ' असा आहे. बाराव्या शिलालेखात तर सर्व पाषंडांचा मान राखावा, स्वतःच्या पंथाची अकारण स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची अकारण निंदा करू नये, असाच उपदेश आहे. या बाराव्या लेखाचा एक पाठ कोरलेली शिला आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, भीमेकाठच्या सन्नती गावी, १९८९ साली उजेडात आली.

ग्रीक 'हैरेसिस' या शब्दाचे नशीब अगदी असेच निघाले. मूळ अर्थ निवड, आणि म्हणून विचारसंप्रदाय. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात परूशी आणि सदूकी यांच्या पंथांस हाच शब्द आहे, आणि ख्रिस्तानुयायांवर आरोप करणारे त्यांच्या पंथासही तोच शब्द लावतात. पुढे दुसऱ्या शतकात तो 'चुकीचे मत' या अर्थी रूढ झाला. इ. स. १८०च्या सुमारास लिऑनच्या आयरेनियसने अशा मतांच्या खंडनार्थ पाच पुस्तके लिहिली, आणि कित्येक शतके त्या विरोधकांची मते बहुतांशी खंडनकारांच्याच तोंडून ऐकावी लागली. आपल्याकडे चार्वाकांची मते आपण अशीच प्रतिपक्षाच्या ग्रंथांवरून जाणतो. ख्रिस्ती इतिहासात मात्र एक योग जुळून आला. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मातीच्या घड्यात पुरलेल्या, चामड्याच्या बांधणीच्या कॉप्टिक पोथ्या सापडल्या, आणि त्या विरोधकांपैकी काहींचे लेखन त्यांच्याच शब्दांत वाचावयास मिळाले.

म्हणून पुस्तक निवडताना एक प्रश्न अवश्य विचारावा : हे पुस्तक नाग हम्मादीची दखल घेते काय? घेत असल्यास, आयरेनियस सर्वत्र खरा किंवा सर्वत्र खोटा असा सोपा निकाल देते काय? वॉल्टर बाउअर या जर्मन पंडितांनी १९३४ साली असे प्रतिपादन केले की, अनेक प्रदेशांत पुढे पाखंड ठरलेले मतच आधी रुजले होते. त्यांच्या तपशिलांवर पुष्कळ आक्षेप आले, तरी प्रश्न टिकून राहिला. असा न मिटलेला प्रश्न वाचकापुढे न मिटलेलाच ठेवणे हे प्रामाणिक इतिहासकाराचे काम आहे.

५

आता पूर्वेकडे, म्हणजे आपल्याकडे, वळू. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहिले की, मलबारात ख्रिस्ती मंडळी आहे, आणि 'कल्लिआना' नावाच्या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप आहे. त्याच्या ग्रंथाचे जे. डब्ल्यू. मॅक्रिंडल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८९७ साली प्रसिद्ध झाले. हे वाक्य वाचून आमच्या भागातील वाचकाची छाती अभिमानाने फुगण्याचा संभव आहे, कारण आमचे कल्याण हाकेच्या अंतरावर आहे! परंतु बसवकल्याणास राजधानीचे वैभव आले ते अकराव्या शतकात, चालुक्य सोमेश्वराच्या वेळी. आणि कॉस्मस बोलत आहे तो समुद्रव्यापाराच्या पेठांविषयी. त्यामुळे अनेक अभ्यासक कल्लिआना म्हणजे उल्हास खाडीवरील, ठाण्याजवळचे कल्याण मानतात; काही जण ते दक्षिणेकडे कोल्लमच्या बाजूस शोधतात. पहिले मत धरले तर मराठी मुलखातील एका बंदरात फादर स्टीफन्सच्या हजार वर्षे आधी ख्रिस्ती बिशप नांदत होता असे होते. नावाच्या साम्यावर विसंबणे आणि साक्ष पारखणे यांतील अंतर दाखविण्यास याहून जवळचे उदाहरण आम्हांस सुचत नाही.

थोमा प्रेषिताच्या भारतयात्रेचेही असेच. तिसऱ्या शतकातील 'थोमाची कृत्ये' या सिरियाक ग्रंथात तो गुंदफर राजाकडे आला अशी अद्भुतरम्य कथा आहे. तो राजा कल्पित असावा असे पंडित म्हणत. पुढे त्याची नाणी आणि तख्त-इ-बाही येथील शिलालेख मिळाले व राजा ऐतिहासिक ठरला. राजा खरा ठरला म्हणून कथा खरी ठरत नाही. पण कथाकाराच्या कानावर वायव्य भारताची काही खरी वार्ता गेली होती हे ठरते. केरळातील मंडळीची परंपरा थोमाचे आगमन इ. स. ५२ मध्ये मानते. शिलाताम्राचा निश्चित पुरावा मात्र नंतरचा आहे. कोल्लमच्या तरिसापळ्ळी चर्चचे ताम्रपट ८४९च्या सुमाराचे असून त्यांवर अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपींत साक्षीदारांच्या सह्या आहेत. या सर्वांसाठी ए. एम. मुंडाडन यांचा भारतीय ख्रिस्ती इतिहासमालेतील पहिला खंड (१९८४), स्टीफन नील यांच्या भारतीय ख्रिस्ती इतिहासाचा पहिला खंड (१९८४) आणि सॅम्युएल मॉफेट यांच्या आशियातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचा पहिला खंड (१९९२) हे तीन ग्रंथ पुरेसे आहेत. तिघांचे परंपरेकडे पाहणे सारखे नाही. म्हणूनच ते एकत्र वाचावेत.

६

राहता राहिला मराठीचा प्रश्न, आणि आमच्या मते तोच मुख्य आहे. आद्य मंडळीचा विषय मराठीस नवा नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने फादर एत्येन द ला क्रुवा यांचा संत पीटरच्या चरित्रावरील मराठी ओवीबद्ध ग्रंथ दुर्लक्षित राहिला. १६२९ साली गोव्यात त्याचे मुद्रण सुरू झाले. म्हणजे तुकोबांच्या हयातीत एका प्रेषिताचे चरित्र मराठी ओवीत उतरत होते. तो ग्रंथ वादाचा आहे. हिंदू धर्माचे खंडन हा त्याचा उघड हेतू आहे. तेव्हा तो आद्य मंडळीच्या इतिहासाचा पुरावा म्हणून नव्हे, तर सतराव्या शतकातील धर्मप्रसारकाने तो इतिहास कसा वापरला याचा पुरावा म्हणून वाचावा. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले आणि ही परंपरा खुंटली.

पुढे १८४२ साली 'ज्ञानोदय' निघाला. बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक अशी समर्थ माणसे पुढे आली. मिशनांच्या छापखान्यांतून मंडळीच्या इतिहासाची पुस्तकेही निघाली. परंतु ती मुख्यतः मंडळीच्या उपयोगासाठी. या सर्व वाङ्मयाचा आढावा घ्यावयाचा असल्यास गंगाधर मोरजे यांचा 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' हा ग्रंथ पाहावा. प्राथमिक माहितीसाठी मराठी विश्वकोशातील ख्रिस्ती धर्मावरील लेखही उपयोगी पडतो.

वर सांगितलेले इंग्रजी ग्रंथ चिटगुप्प्यासारख्या गावी मिळणार नाहीत. पण बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आणि पुण्याचे ज्ञानदीप विद्यापीठ यांसारख्या धर्मशिक्षणाच्या संस्थांत या विषयाचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेथील ग्रंथालयांत चौकशी करावी. एकोणिसाव्या शतकात निघालेली आद्य धर्मपित्यांच्या इंग्रजी भाषांतरांची मोठी माला आज संगणकावर विनामूल्य वाचता येते. तिची भाषा जुनी आहे, पण ज्याला चिकाटी आहे त्याला तेवढ्यावरही निर्वाह करता येईल.

तथापि हा उपाय इंग्रजी येणाऱ्यापुरता झाला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून केडगाव येथे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या आश्रमातील मुलींनी ते छापण्यास हातभार लावला, आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. एका स्त्रीने, अनाथ मुलींचा संसार चालवीत, जे काम केले त्या मानाने इग्नेशियसची सात पत्रे, 'डिडाखे', पर्पेतुआच्या नोंदी आणि प्लिनीचे पत्र एवढा ऐवज मूळ ग्रीक-लॅटिनवरून, टीपांसह, मराठीत आणणे हे काही अवघड काम नव्हे. दोनशे पृष्ठांचे एक पुस्तक पुरे होईल. ते कोणत्याही मंडळीच्या प्रचारासाठी नव्हे, कोणाच्या खंडनासाठीही नव्हे. साहित्य परिषदांनी आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ते आपले काम समजावे, अशी आमची सूचना आहे.

सन्नतीच्या शिलेवर दुसऱ्याच्या पंथाची वचने ऐकून घ्यावीत असा उपदेश कोरलेला आहे. ऐकून घ्यावयाची तर ती आधी आपल्या भाषेत यावयास हवीत.